आकडा 96, तरी तो पेंगत होता

लेखात शस्त्रक्रियेनंतरच्या न्यूमोनियाबद्दल छान लिहिलंय, पण भूल उतरल्यावरच्या पहिल्या रात्रीबद्दल काहीच नाही. माझ्या भावाला एफओपी आहे; स्नायूंचं हाड होत जाणारा, दहा-वीस लाखांत एखाद्यालाच होणारा आजार. बरगड्या जखडल्यात, श्वास चालतो तो पोटाच्या हालचालीवर. अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर तेच पोट दुखायला लागलं, मग श्वास उथळ, खोकलाही निघेना. ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन 96 टक्के, आणि हा मात्र पेंगत चाललेला! ऑक्सिजन लावला की आकडा चांगला दिसतो, आत कार्बन डायऑक्साइड साचत राहतो, त्यानंच गुंगी येते. रक्तातले वायू तपासले तेव्हा कळलं, मग बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देणारं यंत्र, लावलं. त्याचा जबडाही उघडत नाही. पुन्हा श्वासासाठी घशातून नळी घालायची वेळ आली असती तर? नातेवाईकांनो, हे सगळं भूलतज्ज्ञांशी आधीच बोलून घ्या. आणि स्नायूत इंजेक्शन शक्यतो देऊ देऊ नका, तिथंही हाड तयार होऊ शकतं.