लॅम्ब्रुस्को म्हणजे ‘लाल सोडा’? लेबल तरी वाचा

वाइनचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे ढकलला जातो. त्यातला दावा असा: ‘इटलीची लॅम्ब्रुस्को ही खरी रेड वाइनच नाही. ती गोड असते, सोड्यासारखा गॅस भरलेली असते, थंड करून प्यावी लागते आणि जेवणाबरोबर चालत नाही. फार तर केकबरोबर घ्या.’

गोडीचा आरोप अगदीच हवेतला नाही. १९७० आणि ८० च्या दशकांत उत्तर इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहरातल्या ‘रिउनिते’ या सहकारी संस्थेची गोडसर लॅम्ब्रुस्को अमेरिकेत धो धो खपली. बर्फ घालून प्या, अशी तिची जाहिरातच होती. तीच चव जगाच्या डोक्यात बसली. पण लेबलवर ‘सेक्को’ लिहिलेलं असेल तर वाइन कोरडी, ‘अमाबिले’ गोडसर आणि ‘दोल्चे’ चांगली गोड. लॅम्ब्रुस्कोच्या माहेरी, म्हणजे इटलीतल्या मोदेना शहराच्या आसपास, जेवताना उघडतात ती बहुतेक सेक्को. लेबल न वाचता बाटली उचलायची आणि मग वाइनला नावं ठेवायची, हा कुठला न्याय?

शिवाय लॅम्ब्रुस्को हे एकाच द्राक्षाचं नाव नाही, ते अख्खं कुटुंब आहे. सेक्किया आणि पानारो या नद्यांमधल्या सपाट जमिनीवर होणारी सोरबारा ही जात घ्या. तिच्या फुलांतले परागकण निकामी, म्हणून त्याच बागेत सालामिनो या दुसऱ्या लॅम्ब्रुस्को जातीच्या वेली लावतात. तरीही घडात मणी विरळच धरतात. वाइन मात्र फिकट गुलाबी, झणझणीत आंबट. कास्तेलवेत्रोच्या टेकड्यांवरची ग्रास्पारोस्सा याच्या अगदी उलट: गडद जांभळी, जिभेला धरणारी तुरट. दोघींना एकच शिक्का मारणाऱ्याने बहुधा एकीचीही चव घेतलेली नाही.

आता गॅस. डीओसी (ठरावीक प्रदेश आणि नियम पाळून केलेल्या इटालियन वाइनचा दर्जा) लॅम्ब्रुस्कोत फेस येतो तो दुसऱ्यांदा आंबवल्याने. हे काम बहुतेक वेळा बंद टाकीत होतं, काही उत्पादक ते बाटलीत करतात. तिथे तळाशी यीस्टचा गाळ राहतो आणि वाइन गढूळ दिसते. फ्रिझ्झान्ते, म्हणजे हलक्या फेसाच्या, प्रकारात दाब १ ते २.५ बार, म्हणजे शॅम्पेनच्या निम्म्याहूनही कमी. बाहेरून गॅस भरलेल्या वाइनवर तसं छापणं युरोपात सक्तीचं आहे.

थंड करण्याबद्दल एवढंच: फसफसणारी वाइन कोमट झाली की फेस उधळतो आणि चव बेचव होते. थंड करतात ती त्यासाठी.

सगळ्यात चुकीचा सल्ला जेवणाचा. एमिलियाचं, म्हणजे मोदेनाच्या प्रदेशाचं, जेवण म्हणजे डुकराची चरबी आणि चीज: मोर्तादेल्ला आणि कोतेकिनो ही डुकराच्या मांसाची सॉसेजेस, पार्मिजानो चीज, नववर्षाला मसुरासारख्या डाळीबरोबर येणारा झाम्पोने (डुकराच्या पायाची कातडी खिमा भरून शिजवलेली). न्योक्को फ्रित्तो हा तिथला लाडका प्रकार. कणकेचे चौकोनी तुकडे चरबीत तळले की पुरीसारखे टम्म फुगतात. त्यावर प्रोश्युत्तोचा (डुकराच्या मांडीचं खारवून वाळवलेलं मांस) पातळ काप ठेवला की उष्णतेने त्याची चरबी पारदर्शक होते. दोन घासांत तोंड चरबीने लेपल्यासारखं होतं. अशा वेळी सोरबाराचा घोट घ्या. आंबटपणा आणि फेस मिळून तो लेप खरवडून काढतात. इथे ओकच्या पिंपात मुरलेली जड रेड वाइन आणली तर जेवण अर्ध्यावर सुटेल. मांतोव्हा शहराकडे तर गरम सूपातच लॅम्ब्रुस्को ओतून पितात. आणि केकबरोबर ही कोरडी वाइन नुसती आंबट लागेल, तेव्हा त्या मजकुरातला सल्ला पाळून तोंड वाकडं झालं तर दोष वाइनचा नाही.

गोड लॅम्ब्रुस्को मात्र टाकाऊ समजू नका. तांबड्या रश्श्याबरोबर ग्रास्पारोस्सा सेक्को उघडलीत तर तिखटाने तिचा तुरटपणा अंगावर येईल. तिथे थंडगार अमाबिलेच घ्या. तिची गोडी तिखटाला बरोबर आवरते.