‘एका ओळीचे काम’: मजकुराची संख्या करण्याविषयीच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलामुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून एक संदेश बराच फिरतो आहे. सदाशिव पेठेत मी संध्याकाळचा वर्ग घेतो, तेथेही विद्यार्थी तो मला पुन्हा पुन्हा दाखवतात. त्याचा आशय असा: वापरकर्त्याने टाइप केलेल्या मजकुराची संख्या करणे हे एका ओळीचे काम आहे, भाषेतले तयार फंक्शन वापरावे, रूपांतर फसले तर शून्य धरावे, दशांश चिन्ह दिसले तर फ्लोट (अपूर्णांक साठवण्याचा नेहमीचा प्रकार) घ्यावा, आकड्यांसारखे दिसते ते सारे संख्या म्हणून साठवावे, मराठी अंक संगणकाला कळत नाहीत म्हणून त्यांचा विचार करू नये, आणि इतके करूनही बिघडले तर ती वापरकर्त्याची चूक समजावी. कीबोर्डवरून येतो तो मजकूरच असतो आणि रूपांतर केल्याशिवाय तो गणितात वापरू नये, एवढे त्या संदेशात बरोबर आहे. बाकीचा सल्ला मला घातक वाटतो, आणि नवशिक्यांनी तो पाठ करू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तयार फंक्शन पुरते, हे पहिले विधान घेऊ. कोणते फंक्शन, हा प्रश्न येथेच उभा राहतो, कारण एकाच मजकुराचा अर्थ प्रत्येक भाषा वेगळा लावते. आपल्याकडे सवा लाख रुपये १,२५,००० असे लिहिले जातात. हा मजकूर इंग्रजी अंकांत टाइप करून पायथन भाषेच्या ‘इंट’ या फंक्शनला दिला तर ते स्पष्ट चूक दाखवून थांबते. जावास्क्रिप्टचे ‘नंबर’ ‘ही संख्या नव्हे’ असे मूल्य देते. त्याच जावास्क्रिप्टचे ‘पार्सइंट’ मात्र पहिल्या स्वल्पविरामापर्यंत वाचते, तेथे थांबते आणि १ हे उत्तर देते. सी भाषेतले ‘एटॉय’ही तसेच करते. सवा लाखाचा एक रुपया होतो आणि कोठेही तक्रार उमटत नाही. यावर ‘मग सगळे स्वल्पविराम काढून टाका’ असे सुचवले जाते. पुण्यात जर्मन कंपन्यांसाठी काम करणारे प्रोग्रामर थोडे नाहीत, आणि जर्मन लेखनात १२,५ म्हणजे साडेबारा. तेथे स्वल्पविराम काढला की एकशे पंचवीस होतात. स्वल्पविराम गट पाडणारा आहे की दशांश दाखवणारा, हे मजकूर कोठून आला यावर ठरते, आणि ती माहिती कोणत्याही तयार फंक्शनला आपोआप मिळत नाही.

रूपांतराआधी मजकुरात सगळे अंकच आहेत का हे ‘इझडिजिट’ने तपासले की झाले, अशी या विधानाला एक पुरवणीही जोडलेली असते. पायथनमध्ये वर्ग दाखवण्यासाठी वर लिहिला जाणारा लहान दोन या तपासणीत उत्तीर्ण होतो आणि ‘इंट’मध्ये नापास होतो, उलट खात्यातील उणे शिल्लक ‘इंट’ला सहज वाचता येते, पण उणे चिन्हामुळे ती तपासणीतच अडकते. म्हणून रूपांतर करून पाहणे आणि अपयश नीट हाताळणे हाच सरळ मार्ग आहे.

अपयश नीट हाताळण्याचा विषय निघाला की संदेशातले सर्वांत वाईट वाक्य समोर येते: ‘फसले तर शून्य धरा.’ शून्य हे एक खरे मूल्य आहे. शिवाजीनगरची वेधशाळा, जिला जुने पुणेकर सिमला ऑफिस म्हणतात, तिच्या नोंदवहीत एखाद्या दिवशी ०.० मिलिमीटर पाऊस लिहिलेला असतो, तेव्हा कोणीतरी पर्जन्यमापक पाहिला आणि त्यात पाणी नव्हते असा त्याचा अर्थ होतो. जागा कोरी असेल तर पाहिलेच गेले नाही. चार दिवसांच्या नोंदी १२, ८, कोरी आणि १० अशा असतील, तर उपलब्ध तीन नोंदींची सरासरी १० येते. कोऱ्या जागी शून्य धरले की ती ७.५ होते, आणि पुढे ती वाचणाऱ्याला अडीच मिलिमीटर कोठे गेले हे शोधण्याचा मार्गच उरत नाही. ‘एटॉय’ची मूळ अडचण हीच आहे. त्याला ‘०’ दिले काय किंवा ‘अबक’ दिले काय, उत्तर शून्यच येते, आणि मावणार नाही इतकी मोठी संख्या दिली तर काय होईल याची हमी सी भाषेचे मानकही देत नाही. त्याच भाषेतले ‘स्ट्रटॉल’ वाचन कोठे थांबले ते सांगते आणि संख्या मर्यादेबाहेर गेली तर तशी खूणही ठेवते. चार ओळी जास्त लिहाव्या लागतात, पण त्या चार ओळींत प्रामाणिकपणा आहे.

ब्राउझरमधला संख्येचा रकाना हे सगळे सांभाळतो, असे काही जण म्हणतात. त्या रकान्यात ‘१२-’ असे काही अर्धवट टाइप केले गेले, तर ब्राउझर प्रोग्रामला कोरा मजकूर देतो, आणि कोऱ्या मजकुराची जावास्क्रिप्टच्या ‘नंबर’ने संख्या केली की शून्य मिळते. दोन सद्हेतूंच्या साखळीतून पुन्हा तेच खोटे शून्य. शिवाय सर्व्हरकडे येणारी विनंती त्या रकान्यातूनच आली असेल याची खात्री नसते, त्यामुळे तपासणी तेथेही करावीच लागते.

दशांश चिन्हाचा मुद्दा थोडक्यात सांगता येईल. फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीच्या फ्लोटमध्ये १९.९९ ही संख्या तंतोतंत मावत नाही. तिला १०० ने गुणले की १९९८.९९९९९९९९९९९९८ येतात आणि त्याचा पूर्णांक घेतला की १९९८ पैसे उरतात. पैशांसाठी दशमान प्रकार वापरावा, किंवा मजकुरातले रुपये आणि पैसे वेगळे वाचून पैशांचा पूर्णांक करावा.

‘आकड्यांसारखे दिसते ते संख्या म्हणून साठवा’ या सल्ल्याचे उत्तर पुण्याच्या दूरध्वनी संकेतांकातच आहे. ०२० ची संख्या केली की २० उरतात आणि सुरुवातीचे शून्य हरवते. त्याहून वाईट म्हणजे ‘स्ट्रटॉल’ला संख्येचा पाया (दहाचा की आठाचा) स्वतः ओळखायला सांगितला, तर सुरुवातीच्या शून्यामुळे ते हा मजकूर अष्टमान, म्हणजे आठाच्या पायाचा, समजते आणि उत्तर १६ देते, जावास्क्रिप्टच्या मानकाच्या २००९ च्या पाचव्या आवृत्तीत नियम बदलेपर्यंत अनेक ब्राउझरांतले ‘पार्सइंट’ही असेच वागत असे. सोळा अंकी कार्ड क्रमांक एक्सेलमध्ये संख्या म्हणून टाकला तर पंधराच अंक टिकतात आणि शेवटच्या अंकाच्या जागी शून्य येते. जावास्क्रिप्टमध्ये पूर्णांकांची खात्रीची मर्यादा ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ आहे, त्यापुढे शेजारचे दोन क्रमांक एक होऊ शकतात. माझी कसोटी साधी आहे: त्या गोष्टींची बेरीज किंवा सरासरी काढण्यात अर्थ आहे का? ४११०३० आणि ४११००४ यांची सरासरी कोणत्याही पोस्टमनला उपयोगी नाही, म्हणून पिनकोड हा मजकूरच आहे.

मराठी अंकांविषयीचे विधान तर वस्तुस्थितीलाच धरून नाही. पायथनचे ‘इंट’ आणि जावाचे ‘इंटिजर पार्सइंट’ ही दोन्ही देवनागरी अंक व्यवस्थित वाचतात. जावास्क्रिप्ट वाचत नाही, आणि अंकाच्या क्रमांकातून ४८, म्हणजे इंग्रजी शून्याचा क्रमांक, वजा करण्याची सी मधली जुनी युक्तीही चालत नाही, कारण सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकात देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे. त्यावर उपाय एवढाच, की २४०६ ते २४१५ या दहा चिन्हांना आधी इंग्रजी अंकांत बदलून घ्यावे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ साली प्रसिद्ध झाले तेव्हा त्यातही हे अंक होते, आणि संगणकावर भारतीय लिप्या आणणाऱ्या जिस्ट तंत्रज्ञानावर पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने वर्षानुवर्षे काम केले आहे. त्याच शहरात ‘मराठी अंकांचा विचार करू नका’ असे शिकवले जावे, याचे मला दुःख होते. एक सावधगिरी मात्र हवी. पायथन इतर लिप्यांचे अंकही स्वीकारतो, आणि बंगाली चार दिसायला इंग्रजी आठासारखा असतो. माणूस आठ वाचतो आणि प्रोग्राम चार घेतो. म्हणून कोणत्या लिपीचे अंक घ्यायचे ते आपण ठरवावे आणि बाकीचे नाकारावेत.

राहिली ‘वापरकर्त्याची चूक’. काही वर्षांपूर्वी मी जुन्नरकडच्या नातेवाइकांसाठी जमिनीच्या वाटणीचा हिशेब करणारा छोटा प्रोग्राम लिहिला. मामांनी क्षेत्राच्या रकान्यात २.३० लिहिले. फ्लोटने ते निमूटपणे वाचले, कोणतीही चूक दाखवली नाही, आणि वाटणी २.३ एकरांची झाली. मामांच्या लेखी त्याचा अर्थ दोन एकर तीस गुंठे असा होता, आणि एकरात चाळीस गुंठे असल्यामुळे ते क्षेत्र २.७५ एकर होते. अठरा गुंठ्यांचा फरक पडला होता. मामांनी लिहिले ते त्यांच्या गावात सगळे लिहितात तसेच होते. त्यांना काय म्हणायचे आहे हे विचारण्याची जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्याची, म्हणजे माझी होती. त्या प्रोग्राममध्ये आता एकर आणि गुंठे असे दोन वेगळे रकाने आहेत, गुंठ्यांच्या रकान्यात ४० किंवा अधिक लिहिले तर तो थांबून विचारतो, आणि हिशेब करण्यापूर्वी वाचलेले क्षेत्र ‘दोन एकर तीस गुंठे’ असे अक्षरांत दाखवून होकार घेतो.