लिफ्टपेक्षा आरसा भारी

'द आय' (2002) या भयपटावरचा लेख आवडला, पण त्यात सर्वात भीतीदायक लिफ्टचाच प्रसंग, हे नाही पटलं. कोपऱ्यात पाठमोरा उभा म्हातारा, हळूहळू जवळ येतो, पाय जमिनीला टेकलेले नाहीत... घाबरलो मीही. सोसायटीच्या लिफ्टने रात्री एकट्याने जायचं आठवडाभर टाळलं, जिना चढलो, चौथा मजला! पण खरी कळ आहे ती फोटोत. नायिका म्युन लहानपणापासून आंधळी, नेत्ररोपणानंतर दिसू लागलेली, स्वतःचा चेहरा तिला माहीतच नाही. त्यामुळे आरशात दिसणारी बाई आपणच, असं ती खुशाल धरून चालते. आणि मग तिचाच एक फोटो हाती येतो, आरशातली बाई ती नव्हेच! तिथे ना किंचाळी, ना धाडकन पार्श्वसंगीत, तरी अंगावर सर्रकन काटा येतो. अँजेलिका लीने तो गोंधळ नुसत्या डोळ्यांत दाखवलाय.

पँग बंधूंच्या या हाँगकाँगी सिनेमावरून आपल्याकडे 2005 मध्ये ऊर्मिला मातोंडकरचा 'नैना' आला, त्याचा लेखात उल्लेख हवा होता. नेत्रदानाबद्दल लोक बिचकतील म्हणून तेव्हा डॉक्टरांनी आक्षेपही घेतला होता. त्यांचं चूक नव्हतं. आमच्या मावशीने 'दुसऱ्याचं बघितलेलं आपल्याला दिसतं म्हणे' असं अगदी गंभीरपणे विचारलं होतं. अहो, बसवतात ते फक्त बुबुळावरचं पारदर्शक पटल, खिडकीची काच बदलल्यासारखं. काचेला कसली आलीये आठवण!

शेवटचा ट्रॅफिक जॅम मात्र लेखात उघड करायला नको होता राव.