'फायरबॉल वीस फूट' म्हणजे चार चौकोन नव्हेत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या डंजन्स अँड ड्रॅगन्स (चौकोन आखलेल्या पटावर पात्रं हलवून खेळायचा कल्पनारम्य खेळ) खेळणाऱ्यांत फिरणाऱ्या मेसेजात दोन दावे आहेत: फायरबॉल (आगीच्या स्फोटाचा मंत्र) पटावरचे चार बाय चार चौकोन व्यापतो, आणि तिरकी चाल नेहमी दीडपट मोजायची. पहिला साफ चूक, दुसरा अर्धवट.

फायरबॉलचे वीस फूट ही त्रिज्या आहे, व्यास नव्हे. एक चौकोन पाच फुटांचा, म्हणजे व्यास आठ चौकोन. मध्यबिंदू चौकोनाच्या पोटात न धरता चार रेघा मिळतात त्या कोपऱ्यावर धरा. निम्मा किंवा जास्त झाकला गेलेला चौकोनच मोजला, तर ५२ चौकोन येतात, मेसेजात १६! एक इंची चौकोनांच्या चार्टपेपरवर खेळत असाल तर कंपासने चार इंच त्रिज्येचं वर्तुळ जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदावर काढून कापा (एका पत्रिकेत बसत नाही, दोन चिकटवाव्या लागतात). ते पटावर ठेवलं की वादच मिटतो.

तिरक्या चालीचं म्हणाल, तर खेळाच्या पाचव्या आवृत्तीत तिरका चौकोनही पाचच फुटांचा. ५-१०-५ (पहिला तिरका चौकोन पाच फूट, दुसरा दहा, तिसरा पुन्हा पाच, म्हणजे सरासरी दीडपट) ही मोजणी साडेतिनाव्या (३.५) आवृत्तीतली. पाचवीत २०१४च्या नियमांत ती ऐच्छिक आहे. फरक मोठा पडतो: एका पाळीत ३० फूट चालणाऱ्या पात्राला तिरके सहा चौकोन मिळतात, ५-१०-५ने चारच. काहीही निवडा, पण लढाईच्या मधोमध बदलू नका. भिंतीचा कोपरा तिरका कापून जाता येत नाही, हे मात्र दोन्हीकडे सारखंच.