गोंयच्या सायबाचं आजोळ

बास्तान हे उत्तर स्पेनमधल्या नवार प्रांतातलं खोरं. तिथं जायचं तर शाळेत घोकलेली एबीसीडी आधी विसरायची. तिथल्या बास्क भाषेत टी-एक्स म्हणजे 'च', नुसता एक्स म्हणजे 'श' आणि झेड म्हणजे चक्क 'स'. त्यात गावांना दोन-दोन नावं. अमायुर तेच स्पॅनिशमध्ये माया. इरुन्या म्हणजे आपण सकाळी जिथून निघालो ते पाम्प्लोना! पाटीवर दोन्ही असतात, पण त्यातलं स्पॅनिश नाव कुणीतरी रंगाचा फवारा मारून पुसलेलंही असतं. दोन्ही नावं कागदावर लिहून खिशात ठेवा, हात जोडून सांगतो.

मग घड्याळ. पाम्प्लोना ते खोऱ्यातलं मुख्य गाव एलिसोन्दो तासाभराचा रस्ता, म्हणून आपण निवांत निघतो. चोकोतो या जुन्या आळीत नदीकाठी फोटो काढेपर्यंत दुपार होते आणि दुकानांची शटरं खाली. अख्खे हेझलनट घातलेली इथली चॉकलेटची लादी सकाळीच घ्यावी. जेवण साधारण दीड ते साडेतीन. चार वाजता भूक लागली तर रात्री नऊची वाट बघा. वर सिरिमिरी, म्हणजे इथला भुरभुर पाऊस: दिसत नाही, वाजत नाही, पण अर्ध्या तासात बनियनपर्यंत पोचते.

घरोघरी दारावर बुद्धिबळाचा पट कोरलेला दिसेल, तेच खोऱ्याचं मानचिन्ह. 1440 साली अख्ख्या खोऱ्याची खानदानी मान्य झाली. सगळेच सरदार; गुरं राखायलाही तेच. बोसाते वस्तीतल्या, वाळीत टाकलेल्या 'अगोत' लोकांना मात्र चर्चमध्येसुद्धा वेगळी जागा असे. हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

अमायुरला चढण्याआधी गिरणीपाशी 'तालो' खा. मक्याचं पीठ, मीठ, गरम पाणी. हाताने थापायचं, तापल्या लोखंडावर दोन्ही बाजूंनी भाजायचं. म्हणजे भाकरी, फक्त आत झुणक्याऐवजी सॉसेज. पाणी कोमट पडलं की कडा फाटतात, तेही तसंच. गिरणी रोज चालू असेलच असं नाही, आधी फोन करा.

वर किल्ला शोधू नका. आहे तो पाया आणि एक दगडी स्तंभ: 1922 साली उभारला, 1931 मध्ये सुरुंग लावून उडवला, 1982 मध्ये पुन्हा बांधला. 1522 मध्ये इथं जुन्या नवार राज्याचे दोनेकशे सैनिक कास्तीलच्या, म्हणजे स्पेनच्या राजाच्या, फौजेशी लढले. त्यांत फ्रान्सिस झेवियरचा थोरला भाऊ मिगेलही होता. त्यांच्या आईचं घराणं शेजारच्या आस्पिलकुएता गावचं. आणि 'झेवियर' आलं बास्क 'एचे बेरी'वरून, म्हणजे नवं घर. जुन्या गोव्यात चांदीच्या पेटीत विसावलेला गोंयचो सायब मुळात नवघरे!