"डीएलएलइम्पोर्ट लागतच नाही" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, कारण वाचल्या वाचल्या लिहायला बसलो असतो तर जे लिहिलं असतं ते नंतर मलाच काढून टाकावं लागलं असतं.

ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेअर्ड लायब्ररीतले (प्रोग्रॅम चालताना जोडली जाणारी लायब्ररी, विंडोजवर तिला डीएलएल म्हणतात) सिम्बॉल, म्हणजे फंक्शन आणि व्हेरिएबलची नावं, एक्सपोर्ट-इम्पोर्ट करायला मी माझ्या सी वरच्या लेखात जो हेडरमधला मॅक्रो दाखवला तो म्हणे निव्वळ पसारा आहे. कंपायलर जीसीसी असेल तर व्हिजिबिलिटी, नसेल तर डेक्लस्पेक (नाव बाहेर दिसावं की नाही हे सांगायच्या दोन पद्धती), दोन ओळीत विषय संपतो. नाहीतर डेफ फाइल (एक्सपोर्ट करायच्या नावांची यादी) आहे, सीमेक या बिल्ड टूलमध्ये सगळं एक्सपोर्ट करायची सोय आहे. मॅक्रोचं नाव चुकीचं आहे. सी++ च्या क्लासबद्दल मी काही बोललो नाही. आणि या सगळ्यात डीएलएलइम्पोर्ट (हे नाव डीएलएलमधून येणार असं कंपायलरला सांगणारा शब्द) आणि लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारा) यांच्याबद्दल हे एक वाक्य: "डीएलएलइम्पोर्ट लिहायची गरजच नसते, लिंकर बघून घेतो, ज्याने खरंच दोन-तीन कंपायलरवर काम केलंय त्याला हे सांगावं लागत नाही."

मतभेद असूदे हो, त्यासाठीच तर लिहितो. पण "ज्याने खरंच काम केलंय" हे काय आहे? तुम्ही माझा कोड बघितलाय? माझ्याबरोबर कधी बसलायत? मुद्दा मांडायचा तर मांडा, समोरच्याची लायकी काढून मग मुद्दा मांडायचा ही कुठली पद्धत?

बरं, विषय काढलाच आहे तर सांगतो. मी लायब्ररी विकणाऱ्या एका कंपनीत बरीच वर्षं काढली आणि तिथे गिऱ्हाईक कोणत्या कंपायलरने बिल्ड करणार हे आमच्या हातात कधीच नव्हतं. कोणाकडे व्हिज्युअल सी++, कोणाकडे बोर्लंड, कोणी मिनजीडब्ल्यू (विंडोजवरचा जीसीसी), आणि एकजण तर वॉटकॉम सोडायला तयार नव्हता. बोर्लंडच्या ३२ बिट कंपायलरची ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला तुकडा) ओएमएफ फॉरमॅटची, मायक्रोसॉफ्टची कॉफ, त्यामुळे एकाची डॉट लिब फाइल दुसऱ्याला दिली की लिंकर सरळ नाही म्हणणार. साध्या सीडेक्ल (सी ची नेहमीची कॉलिंग कन्व्हेन्शन, म्हणजे फंक्शन कॉल करायची पद्धत) फंक्शनला बोर्लंड एक्सपोर्ट टेबलमध्ये नावापुढे अंडरस्कोर ठेवतो, व्हिज्युअल सी++ काढून टाकतो, वॉटकॉमच्या स्वतःच्या कॉलिंग कन्व्हेन्शनमध्ये तोच अंडरस्कोर नावाच्या शेवटी जाऊन बसतो. एसटीडीकॉल ही दुसरी कन्व्हेन्शन घेतली तर आणखी मजा, "बेरीज" नावाचं दोन इंट घेणारं फंक्शन असेल तर व्हिज्युअल सी++ म्हणणार _बेरीज@८, मिनजीडब्ल्यू म्हणणार बेरीज@८, बोर्लंड म्हणणार नुसतं बेरीज. हे सगळं डंपबिन आणि ऑब्जडंप या फाइलच्या आतली नावं दाखवणाऱ्या टूलच्या आउटपुटमध्ये डोळे फोडून बघितलंय मी, तेव्हा कृपा करून.

आता तुमचं ते वाक्य. लिंकर बघून घेतो. काय बघून घेतो?

फंक्शनपुरतं बघून घेतो, हे मी लेखातही नाकारलं नव्हतं. डीएलएलइम्पोर्ट न लिहिता तुम्ही बेरीज कॉल केलं की कंपायलर साधी कॉल इन्स्ट्रक्शन टाकतो, कारण हे फंक्शन दुसऱ्या मॉड्यूलमध्ये राहतं हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. मग इम्पोर्ट लायब्ररीत (डीएलएलसाठीची डॉट लिब फाइल) त्या नावाचा एक छोटा तुकडा असतो, त्यात एकच जम्प असतो, इम्पोर्ट टेबलमधला (बाहेरून येणाऱ्या नावांचे खरे पत्ते ठेवणारी यादी) पत्ता वाचून तिकडे उडी मारायची. जुन्या घराच्या दारावर "आम्ही इथे राहत नाही, तिकडे जा" अशी पाटी लावावी तसं. एक उडी जास्त पडते, कोणाला कळतही नाही, प्रोग्रॅम चालतो. आणि तो चालतो म्हणूनच तुमच्यासारखे लोक नियम बनवून मोकळे होतात.

व्हेरिएबलचं काय? तिथे उडी मारायचा प्रश्नच नाही, तिथे मेमरी वाचायची असते. दुसऱ्या मॉड्यूलमधला ग्लोबल वाचायचा तर आधी इम्पोर्ट टेबलमधून पत्ता उचलायचा आणि मग त्या पत्त्यावरून किंमत, म्हणजे दोन लोड. डीएलएलइम्पोर्ट लिहिलं नाही तर कंपायलरने एकच लोड टाकलेला असतो आणि ऑब्जेक्ट फाइल तयार झालेली असते. लिंकर त्या इन्स्ट्रक्शनमधला पत्ता भरू शकतो, एकाच्या जागी दोन इन्स्ट्रक्शन घुसवणं हे त्याचं काम नाही. एवढंच आहे सगळं. यात कोणी किती काम केलंय याचा काय संबंध?

याचा परिणाम काय होतो तेही मी बघितलंय. आमच्या एका गिऱ्हाइकाने हाताने डेफ फाइल लिहिली, तीच तुमची लाडकी डेफ फाइल, तिच्यावरून लिब टूलने इम्पोर्ट लायब्ररी बनवली आणि त्यात एका ग्लोबल इंटचं नाव नुसतं लिहिलं, पुढे डेटा हा कीवर्ड लिहायचा असतो तो राहिला. हेडरमध्ये साधं एक्सटर्न. लिंक झालं, एरर नाही, वॉर्निंग नाही. रन केलं की व्हेरिएबलमध्ये भलताच आकडा, आणि हेक्समध्ये बघितला तर तो कायम २५एफएफ वर संपायचा. कारण डेटा लिहिलं नाही म्हटल्यावर लिब टूलने त्याला फंक्शन समजून पाटी बनवली होती आणि प्रोग्रॅम ती पाटीच इंट म्हणून वाचत होता. एफएफ २५ हे एक्स८६ वरच्या त्या जम्पचे पहिले दोन बाइट, लिटल एंडियन असल्यामुळे उलटे दिसतात. फक्त वाचलं तर निदान नुसता कचरा, त्यात लिहायला गेलं की सरळ क्रॅश, कारण कोडचं पेज रायटेबल नसतं. डेटा लिहिलं असतं तर निदान लिंकरने तरी तोंडावर अनरिझॉल्व्हड, म्हणजे नाव सापडत नाही असा एरर, मारला असता. लिंकर बघून घेतो म्हणे.

तुम्ही म्हणाल मिनजीडब्ल्यूवर चालतं. चालतं, कारण तिथे ऑटो-इम्पोर्ट नावाची सोय आहे. लिंकर स्यूडो-रीलोकेशनची (नंतर पत्ता दुरुस्त करायच्या जागांची) यादी बनवून ठेवतो आणि प्रोग्रॅम सुरू होताना रनटाइम त्या जागा पॅच करतो, गरज पडली तर पेज लिहिण्याजोगं करून. ६४ बिटवर डीएलएल लांब लोड झाली आणि ३२ बिटचा ऑफसेट पुरला नाही की तोच रनटाइम स्यूडो रीलोकेशन रेंजबाहेर गेलं म्हणून मरतो. नवीन जीसीसी वेगळ्या पॉइंटरमधून जाऊन हे बरंचसं टाळतो, पण ती जीसीसीवाल्यांची मेहनत आहे, त्यावरून व्हिज्युअल सी++ बद्दल नियम काढता येत नाही.

आणि लिनक्सवर लागत नाही याचं कारण लिनक्स शहाणा आहे असं नाही. तिथे एक्झिक्युटेबलने व्हेरिएबल थेट वाचलं असेल तर कॉपी रीलोकेशन होतं, व्हेरिएबलची जागाच एक्झिक्युटेबलमध्ये जाते आणि लायब्ररीसुद्धा जीओटी या पत्त्यांच्या टेबलमधून तिथेच बघते. उद्या लायब्ररीत तो अॅरे मोठा केला आणि एक्झिक्युटेबल परत लिंक केलं नाही की लोडर साइज वेगळी आहे म्हणून कुरकुरतो. किंमत तिथेही मोजावी लागते, फक्त पावती वेगळ्या नावाने येते.

आता तुमचा दोन ओळींचा मॅक्रो. जीसीसी असेल तर व्हिजिबिलिटी डिफॉल्ट, नाहीतर डेक्लस्पेक. छान दिसतो. मिनजीडब्ल्यूसुद्धा जीसीसीच आहे, त्यामुळे विंडोजवर तो पहिल्या फांदीत शिरणार, आणि विंडोजच्या फाइल फॉरमॅटला व्हिजिबिलिटी हा प्रकार माहीत नाही, म्हणून कंपायलर वॉर्निंग देऊन ते अॅट्रिब्यूट सोडून देणार. तरी डीएलएल चालते! का, तर एकही सिम्बॉल स्पष्टपणे एक्सपोर्ट केलेला नसेल तर मिनजीडब्ल्यूचा लिंकर आपणहून सगळेच एक्सपोर्ट करतो. मग काही महिन्यांनी कोणीतरी त्याच डीएलएलमध्ये एक तयार ऑब्जेक्ट फाइल जोडतो, तिच्यात एकच डीएलएलएक्सपोर्ट असतो, आणि त्या क्षणी सगळं एक्सपोर्ट करणं बंद पडून तुमची बाकीची फंक्शन्स टेबलमधून गायब. ज्याने ती फाइल जोडली तो बिचारा शिव्या खातो. म्हणून माझा मॅक्रो आधी विंडोज आहे का हे विचारतो आणि कंपायलर कोण ते नंतर. क्लँग हा कंपायलरसुद्धा एरवी स्वतःला जीसीसी म्हणवतो आणि क्लँग-सीएल म्हणून चालवला की व्हिज्युअल सी++ म्हणवतो, अशा माणसाला नाव विचारून काय मिळणार. विंडोजवर तिघांनाही डेक्लस्पेक समजतं. बाकी ठिकाणी जीसीसी ४ पासून व्हिजिबिलिटी आहे, सोबत एफव्हिजिबिलिटी हिडन (बाकीची नावं लपवणारा पर्याय) द्यायचं. सनच्या कंपायलरचा ग्लोबल आणि हिडन हा वेगळा कीवर्ड होता म्हणून ती एक फांदी ठेवली, ती तुम्हाला पसारा वाटत असेल तर खुशाल काढा.

आणखी एक फांदी स्टॅटिकची (प्रोग्रॅममध्येच बांधल्या जाणाऱ्या लायब्ररीची), तीही तुम्हाला नको आहे. स्टॅटिक लायब्ररी लिंक करताना हेडरमध्ये डीएलएलइम्पोर्ट राहिलं तर व्हिज्युअल सी++ इम्प प्रीफिक्सवालं नाव शोधत बसतो आणि बहुतेक वेळा एलएनके २०१९, म्हणजे नाव सापडलं नाही हा एरर, देतो. ठेवा किंवा मार खा.

एक गोष्ट मान्य. मॅक्रोचं नाव दोन अंडरस्कोरने सुरू होत होतं आणि तशी नावं सी स्टँडर्डने कंपायलर आणि त्याच्या लायब्ररीसाठी राखून ठेवलेली आहेत. बरोबर आहे तुमचं. बदललं. त्याने कोणाचं बिल्ड मोडलं नव्हतं, पण बदललं.

डेफ फाइल वाईट नाही, वर एसटीडीकॉलच्या नावांचा जो गोंधळ सांगितला तो निस्तरायला तीच लागते आणि मीही वापरतो. पण ती एक्सपोर्टची बाजू आहे, वापरणाऱ्याच्या कंपायलरला ती दिसतही नाही. वाद इम्पोर्टचा चाललाय, तुम्ही उत्तर एक्सपोर्टचं देताय.

सीमेकचं म्हणाल तर ती सगळं एक्सपोर्ट करायची प्रॉपर्टी ३.४ मध्ये आली आणि तिच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय की ग्लोबल डेटासाठी वापरणाऱ्याला डीएलएलइम्पोर्ट तरीही लिहावं लागेल. म्हणजे ज्याचा दाखला दिलात तोच तुमच्या विरुद्ध बोलतोय, निदान ते पान तरी उघडायचं होतं. शिवाय एका डीएलएलमधून ६५,५३५ च्या वर सिम्बॉल जात नाहीत, सगळंच एक्सपोर्ट करणाऱ्या मोठ्या प्रोजेक्टला ती भिंत लागते.

सी++ च्या क्लासबद्दल काय बोलणार, लेखाच्या नावात सी आहे.