‘दुधाचाच दात आहे, काढून टाका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘दुधाचे दात सात-आठ वर्षांत पडणारच, मग त्यांना रूट कॅनल कशाला? निव्वळ लूट आहे. त्या औषधांनी खालचा पक्का दात खराब होतो, कॅन्सरचाही धोका. कीड लागली तर दाढ काढा, नाहीतर लवंगेचं तेल लावा.’ मी रोज लहान मुलांचेच दात बघते. हा मेसेज वाचून थांबलेले आईबाप पुढे गाल सुजलेलं, रात्रभर रडलेलं मूल घेऊन येतात, म्हणून हे लिहितेय.

सात-आठ वर्षांत पडतात ते पुढचे दात. दुधाची शेवटची दाढ दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायची असते. पाचव्या वर्षी ती किडली, तर अजून किमान पाच वर्षं मुलाला तिच्यावर भाकरी चावायची आहे.

‘काढा, नवी येईल’ हे अर्धंच खरं आहे. नवी येते, पण तिला जागा लागते. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे कितीतरी घरांत तिलाही दुधाचीच समजून दुर्लक्ष होतं. पुढची दाढ काढलेली असेल तर ही पुढे सरकते आणि मोकळी जागा खाऊन टाकते. मग दहा-अकराव्या वर्षी खालून येणारी दाढ हाडातच अडकते, नाहीतर जिभेच्या बाजूनं वाकडी येते. पुढे तारा लावाव्या लागतात, त्याचा खर्च आणि त्रास मेसेज लिहिणाऱ्यानं धरलेला नाही.

आता ‘रूट कॅनल’. दुधाच्या दाताचं कवच पातळ आणि आतली नस मोठी, म्हणून कीड नसेपर्यंत लवकर पोचते. पण बऱ्याच मुलांत फक्त वरची नस बिघडलेली असते, मुळांतली जिवंत असते. अशा वेळी आम्ही पल्पॉटमी करतो. दाढ बधिर करून कीड साफ करायची, वरची लालभडक नस काढायची आणि ओला कापसाचा बोळा काही मिनिटं दाबून धरायचा. बोळा उचलल्यावर रक्त थांबलेलं दिसलं, तर मुळांतली नस ठीक आहे असं धरून तिच्यावर औषधी सिमेंट भरायचं आणि दाढेला स्टीलची कॅप बसवायची. रक्त थांबतच नसेल तर नस खालपर्यंत बिघडली आहे. मग मुळं साफ करून भरावी लागतात, म्हणजे पल्पेक्टमी. तिथेही मोठ्यांच्या दातात भरतात ते रबरासारखं गटापर्चा वापरत नाहीत. दुधाच्या मुळाबरोबर हळूहळू विरघळणारी पेस्ट भरतात, म्हणजे नव्या दाताची वाट अडत नाही.

‘खालचा दात खराब होतो’ या भीतीचं मूळ उलट्या बाजूला आहे. एक्स-रेमध्ये नीट बघितलं तर दुधाच्या दाढेच्या मुळांच्या बेचक्यातच पक्क्या दाढेचा कोंब बसलेला दिसतो. किडलेल्या नसेचा पू नेमका तिथेच उतरतो. तो महिनोन्महिने तसाच राहिला तर पक्का दात डागाळलेला, खडबडीत, अर्धवट कवचाचा येऊ शकतो. उपचार करतो ते हे टाळायला.

कॅन्सरचा मुद्दा हवेतून आलेला नाही, म्हणून त्याला सरळ उत्तर देते. पल्पॉटमीसाठी अनेक दशकं फॉर्मोक्रेसॉल वापरलं गेलं. त्यात फॉर्मल्डिहाइड असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये त्याला कर्करोगकारक ठरवलं. पल्पॉटमीत त्याचं प्रमाण अगदी थेंबाएवढं, पण आता त्याची गरजही उरलेली नाही. एमटीए नावाचं सिमेंट त्याशिवाय चांगलं काम करतं. तुमच्या डॉक्टरांना ‘आत काय भरणार?’ असं खुशाल विचारा.

लवंगेच्या तेलानं ठणका तात्पुरता बधिर होतो, कीड थांबत नाही. जास्त लावलं तर हिरडी भाजते. आणि दुखणं आपोआप थांबलं म्हणून खूश होऊ नका. बहुतेकदा नस मेलेली असते आणि काही दिवसांनी हिरडीवर पुळी येते.

दाढ काढणं कधीच बरोबर नसतं असं माझं म्हणणं नाही. मुळं विरघळत आली असतील, कॅप बसण्याइतकाही दात उरला नसेल, किंवा मुलाला हृदयाचा गंभीर आजार असेल, तर काढलेलीच बरी. मात्र दाढ वेळेआधी काढली तर जागा राखायला तारेचा स्पेस मेंटेनर लागेल का, हे त्याच दिवशी विचारून घ्या.

राहिली लूट. गरज नसताना रूट कॅनल सांगणारे नसतातच असं मी म्हणणार नाही. त्यावर उपाय आहे: एक्स-रे दाखवायला सांगा, कीड नसेपर्यंत गेली आहे का आणि मूळ किती शिल्लक आहे ते विचारा. शंका राहिली तर दुसऱ्या बालदंतवैद्याला तोच एक्स-रे दाखवा. खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा मुंबईत नायर दंत रुग्णालयात जा. मुलांच्या दातांचा वेगळा विभाग तिथे आहे आणि खाजगी दवाखान्यापेक्षा खूप कमी पैशांत हेच उपचार होतात.